शेपटीवाले शब्द आणि हळदीचे दिवस

जर्मन भाषेची तोंडी परीक्षा मी वक्तृत्व स्पर्धेसारखी तयार करून घेतली. परीक्षा माझी नव्हती, सुमय्याची होती. आणि ती नापास झाली. चूक एवढीच. पुढचं सगळं पाल्हाळ आहे, आणि पाल्हाळात आमच्या जवळा बाजार गावात माझा हात धरणारा कोणी नाही.

आज सकाळी वारा फिरला आणि हळद शिजल्याचा वास घरात आला. भाजीतल्या हळदीला असा वास नसतो. हा उकडलेल्या मुळाचा वास, ओल्या मातीचा, जरा कडवट, घशाला चिकटून बसणारा. गावाबाहेर लोखंडी ड्रममधून वाफ निघते, शिजलेला माल ताडपत्र्यांवर ओततात आणि आठ-पंधरा दिवस गाव कावीळ झाल्यासारखं दिसतं. पोरांच्या टाचा पिवळ्या, कंडक्टरची बोटं पिवळी, कुत्र्यांचे पाय पिवळे. नोकरीत होतो तेव्हा बारावीच्या इंग्रजीच्या पेपरांवरही पिवळे अंगठे उमटलेले असायचे. कोण रात्री अभ्यास करून आलंय आणि कोण पहाटे ड्रमवर काम करून, ते मला उत्तर वाचायच्या आधीच कळायचं. मार्क मात्र दोघांना सारखेच कमी पडायचे. शिकवणारा एकच होता ना.

"खिडकी लावू का?" आमच्या हिनं विचारलं.

"असू दे. या वासाशी माझी एक भावनिक गुंतवणूक आहे."

"तुमाला नाकाला तकलीफ होते म्हणून विचारलं. गुंतवणूक कशाला करता सकाळी सकाळी?"

कुसुमला माझी ही सवय लग्नापासून माहीत आहे. मला चहा हवा असतो तेव्हा मी चहाची आवश्यकता बोलून दाखवतो. भूक लागत नाही, उपासमार होते. झोप येत नाही, निद्रानाश होतो. साधं काही मला होतच नाही.

दोन वर्षांपूर्वी हळद अशीच शिजत होती. रशीदभाई गादीवाले जिना चढून आमच्या गच्चीवर आले. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं. मशीन चालू असलं की घुर्रर्र आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. भुवयांवर कापूस घेऊनच ते फिरायचे. बत्तीस गावच्या पोरींच्या लग्नाच्या गाद्या मी भरल्या, असं सांगायचे. मागे त्यांची सुमय्या उभी होती. नर्सिंग करून हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला लागलेली, उंच, मान खाली, हातात वही.

"सर, तुमाला वो जर्मन येते ना?" रशीदभाईंनी विचारलं.

तरुणपणी औरंगाबादला असताना मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं जर्मन शिकलो होतो. ती भाषा पुढे कुठेच कामाला आली नाही, म्हणून मी तिचा उपयोग गावात भाव खाण्यासाठी केला. ज्यानं तीस वर्षं येते येते म्हणून सांगितलंय त्याला ऐन वेळी नाही म्हणता येत नाही. मी म्हणालो, "येते म्हणजे काय! अगदी."

मामला असा होता. एक एजन्सी नर्सेसची तुकडी जर्मनीला पाठवणार होती. पाऊस सुरू व्हायच्या आत भाषेची परीक्षा पास व्हायची, की तिकडच्या दवाखान्यात नोकरी पक्की. व्याकरण ऑनलाइन चालू होतं. अडत होतं ते तोंडी परीक्षेपाशी. मोबाईलमधल्या बाईसमोर सुमय्याचं तोंडच उघडत नव्हतं.

"ये लडकी दवाखान्यात बराबर बोलती सर," रशीदभाई म्हणाले. "पेशंटचे लोक नाव काढून राहिले हिचं. पण परीक्षा म्हणलं की मुकी. तुमी फक्त बोलायला लावा हिला. एक बार ये निकल गई, तो धाकट्या दोघींचं बी होऊन जाईल."

फक्त बोलायला लावा. एवढंच मागितलं होतं त्या माणसानं.

सुमय्याबरोबर तिची मैत्रीण वैशालीही येऊ लागली. तीही नर्सच, त्याच परीक्षेला बसणारी, गावाला लागूनच त्यांचं शेत. वर्ग आमच्या गच्चीवर भरायचा, आणि गच्चीवर शेजाऱ्यांची हळद वाळत असायची. पोरी एका हातानं हळकुंडं परतायच्या आणि तोंडानं शब्द म्हणायच्या. उन्हानं ताडपत्री तापली की हळदीचा वास बदलतो, जरा गोडसर होतो.

पहिल्याच दिवशी मी माझं ठेवणीतलं काढलं. "पोरींनो, युरोपातल्या भाषांची चोरकिल्ली देतो. एक शेपटी आहे. ती ओळखली की हजारो शब्द फुकट." फळ्यावर इंग्रजी 'स्टेशन' लिहिलं. त्याची शेवटची 'शन' ही शेपटी. ती निघाली रोममधून. इटलीत राहिली ती 'त्सिओने' म्हणवून घेऊ लागली, स्पेनमध्ये 'सिओन' झाली. फ्रान्समध्ये गेली आणि नाकात बोलायला लागली: 'स्यों'. पोर्तुगालमध्ये तर नाकातून बाहेरच येईना. पोलंडमध्ये 'त्स्या', हॉलंडमध्ये नुसती 'त्सी'. जर्मनीत 'त्सिओन'. घर बदललं की नाव बदलतं, तोंडवळा तोच.

"म्हंजे लग्न होऊन गेलेल्या पोरीसारखं," वैशाली म्हणाली.

"शाब्बास! आणि गंमत म्हणजे या शेपटीचे शब्द जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये, स्पॅनिशमध्ये, सगळीकडे बाईच. शंका घ्यायची नाही. आपल्याकडेसुद्धा बघा: स्थिती, गती, मती, भीती. जाणकार सांगतात, आपली स्थिती आणि त्यांचं स्टेशन मुळातून एकाच घरातल्या."

सुमय्यानं मान वर केली. "सगळ्यात पुढं भीतीच हाय सर आपल्याकडं."

मी हसलो. आता आठवतं की ती हसली नव्हती.

जर्मन दवाखान्यात वॉर्डाला 'श्टात्सिओन' म्हणतात हे सांगितलं तेव्हा मात्र दोघी फिदीफिदी हसल्या. "दवाखान्यात बी टेशन?" "होय. फक्त गाडी येत नाही," मी म्हणालो. "मंग आपल्या टेशनावर तरी कुठं येळेवर येऊन राहिली सर!"

त्या गच्चीवर इतकं हसू होतं. आज तिथे कुसुमच्या पापडांचा पाट आहे आणि तीच जुनी पाण्याची टाकी.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या भागात बोलणं वेगळं आणि बोलणं वेगळं. एक बोलणं घरात, ओट्यावर, बाजारात. त्याला कोणी काही समजत नाही. दुसरं बोलणं उभं राहून. पाय जुळवायचे, हात मागे, नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, आणि घंटा होईपर्यंत थांबायचं नाही. अडखळला तो मेला. सातवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मी राष्ट्रीय एकात्मतेवर बोललो आणि ढाल घेऊन आलो. एकात्मता म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता ते सांगायची लाज वाटते, कारण अजूनही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडात असलेच शब्द वळवळतात: बंधुता, सहिष्णुता, मानवता. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, कोणी त्यांना बाजारात भाजी घेताना पाहिलेलं नाही. टाळ्या मात्र त्यांनाच पडतात. पुढे गावातल्या प्रत्येक निरोप समारंभात आणि शोकसभेत माइक माझ्या हातात आला. मेलेल्या माणसांबद्दल मी इतकं छान बोलतो की जिवंत माणसं मला पाहून रस्ता बदलतात.

तर हा मी सुमय्याला बोलायला लावायला निघालो. मला दुसरं येतच नव्हतं. मी तिला उभं केलं, पाय जुळवायला लावले, टाकीच्या वरच्या कोपऱ्यात नजर लावायला सांगितली. जर्मन शेपटीवाल्या शब्दांची माळ ओवून दिली: सिटुआत्सिओन, इन्फोर्मात्सिओन, ऑपेरात्सिओन, कोम्युनिकात्सिओन. नमस्कार, आदरणीय परीक्षक मंडळी, असं सुरू करायचं. शेवटी धन्यवाद. मधे कोणी काही म्हटलं तरी थांबायचं नाही. मुकी पोरगी आठवडाभरात धबधब्यासारखी वाहायला लागली. रशीदभाईंना मुद्दाम बोलावून ऐकवलं. त्यांना अक्षर कळलं नाही, पण भुवयांवरचा कापूस ओला झाला. खाली उतरताना जिन्यात माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "सर, मेरी बच्ची को आवाज दे दी आपने."

वैशाली या सरावाला नव्हतीच. त्यांच्या घरची हळद शिजायला लागली आणि ती ड्रमवर गेली. मी तिला निरोप धाडला की असं करशील तर नापास होशील.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून सुमय्याचा फोन आला. आवाज नाचत होता. "सर, एकदाबी अडकले न्हाई! घंटा होईस्तोर बोलले."

"परीक्षक काय म्हणाल्या?"

"त्या मधीच म्हणल्या, बसा. मी म्हणलं, न्हाई मॅडम, संपवूनच बसते."

"जर्मनमधे म्हणालीस?"

"जर्मनमधी सर!"

मी कुसुमला शिरा करायला लावला. तोंडी परीक्षेत काय होतं ते मला त्या दिवशी शिरा खाताना कळलं नाही. निकाल लागल्यावर वैशालीकडून कळलं. परीक्षक बाई नाटकातल्यासारखी म्हातारी पेशंट बनली होती. नवरा वारलेला, जेवण टाकलेलं, मला घरी जायचंय म्हणून रडत होती. समोरच्या नर्सनं तिच्याशी बोलायचं, एवढाच प्रश्न. त्या रडणाऱ्या म्हातारीसमोर सुमय्या पाय जुळवून उभी राहिली, भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि परिस्थिती, माहिती, संवाद यांवर जर्मनमध्ये भाषण केलं.

"मंग तू काय केलंस?" मी वैशालीला विचारलं.

"मी काय करणार सर, खोटं खोटं का व्हयना, ती बाई रडून राहिली व्हती. मी खुर्ची वढली, जवळ जाऊन बसले. पाणी प्या म्हणलं. मी हाय इथं म्हणलं. पोरीला फोन लावू का म्हणलं. क्रियापदं चुकली असतील बहुतेक."

चुकली होती. ती पास झाली. सुमय्या लेखीत वैशालीच्या पुढे होती आणि तोंडीत गेली.

तेव्हापासून त्या शेपटीचा मी फार विचार करतो. रिकाम्या माणसाला दुसरं काय काम. ती शेपटी करते काय, तर धावत्या क्रियेला धरून खुंट्याला बांधते. कोणीतरी कोणाला काहीतरी सांगतं, तिथे दोन माणसं असतात, त्यांचा श्वास असतो, एकाचा घसा कोरडा पडलेला असतो. शेपटी लावली की 'माहिती' होते आणि दोन्ही माणसं नाहीशी होतात. टेबलावर नुसती एक वस्तू उरते. म्हणून कचेऱ्यांना ही शेपटी फार आवडते, इकडच्याही आणि तिकडच्याही. अमक्यानं पोराला नोकरी दिली नाही असं म्हटलं तर लोक त्या अमक्याच्या घरी जातील. भरतीला स्थगिती मिळाली म्हटलं की जायचं कुणाच्या घरी? आणि शोकसभेत तर माझ्याइतका हा सोयीस्कर धंदा कुणी केला नसेल. माणूस मेला असं मी आयुष्यात माइकवरून म्हटलेलं नाही. पोकळी निर्माण झाली, असंच म्हणत आलो.

एजन्सीनं अजून एक संधी दिली. मी पुन्हा उभा राहिलो; मूर्ख माणूस दमत नाही, हे त्याचं एकमेव भांडवल. या वेळी मी उलटं टोक गाठलं. शेपटीवाला शब्द आला की बोट वर. सुमय्या 'सिटु...' म्हणायची आणि माझं बोट बघून गिळायची. पुन्हा सुरू करायची, पुन्हा बोट, पुन्हा गिळायची. ऊन वाढत होतं, गच्चीवरची हळद पोत्यात जाऊन पॉलिशच्या ढोलाकडे रवाना झाली होती, ताडपत्रीच्या जागी सिमेंटवर नुसता पिवळा चौकोन उरला होता. त्या चौकोनात उभी राहून ती पोरगी शब्द गिळत होती, आणि मला वाटत होतं सुधारणा होते आहे.

दुसऱ्या वेळी म्हातारी रडली आणि सुमय्या गप्प बसून राहिली. घंटा होईपर्यंत.

"जे आलं ते शेपटीवालंच आलं सर," तिनं परत आल्यावर सांगितलं. चिडून नव्हे. ताप किती आहे ते सांगावं तसं. "म्हून गिळलं. मंग काहीच उरलं न्हाई."

तुकडी गेली. वैशाली गेली. सुरुवातीला तिचे फोटो यायचे: लांब, पांढरा, चकचकीत वॉर्ड, खाली लिहिलेलं, 'सर, माझी श्टात्सिओन.' मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघत असे. त्या वॉर्डात अजून एक पोरगी उभी असायला हवी होती. फोटो कितीही मोठा केला तरी ती दिसत नाही. नुसते चौकोन दिसतात.

स्पॅनिशमध्ये स्टेशनला आणि ऋतूला एकच शब्द आहे, 'एस्तासिओन'. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, वर्गात सांगायला म्हणून राखून ठेवलं होतं. आता वर्ग नाही. ऋतू म्हणजे थांबण्याची जागा, असं असेल त्यांच्या मनात. गाडी थांबते, माणसं चढतात, गाडी जाते. पण एखादा माणूस दुसऱ्याला चुकीच्या फलाटावर उभं करून ठेवतो, त्याला त्यांच्याकडे काय म्हणतात, ते मला ठाऊक नाही. तोंडी परीक्षेत मलाच कोणी हे विचारलं तर मी पाय जुळवून दिशाभूल या विषयावर चांगलं बोलेन.

त्याच उन्हाळ्यात रशीदभाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. मशीनचा घुर्रर्र थांबला. सुमय्यानं हिंगोलीची नोकरी सोडली. मी भेटायला गेलो नाही. भाजीला जाताना बाजाराच्या मागच्या बोळातून जायला लागलो, तिथून गटार ओलांडावं लागतं. एकदा पाय घसरून त्यात पडलोही. कुसुमनं धोतर दोनदा धुवून वाळत घातलं.

आज मात्र खिडकीपाशी ती म्हणाली, "लकव्यानंतरची दुसरी हळद निघाली. कवा जाणार रशीदभाईंकडं?"

"माझी मानसिक तयारी..."

"चप्पल घाला. तयारी झाली."

वाटेत मी मनात जुळवाजुळव करत गेलो. दुकानाचं शटर खाली, वर गंज. बाजूच्या बोळातून घरात शिरलो. सुमय्याची अम्मी चुलीपाशी होती, तिनं डोक्यावरचा पदर सारखा करून आत हात दाखवला. आतल्या खोलीत खाटेवर रशीदभाई. भुवयांवर आता कापूस नव्हता, भुवयाच कापसाच्या झाल्या होत्या. सुमय्या त्यांना पेज भरवत होती. मी दारात उभा राहिलो. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"अब्बा, इधर देखो. हां. मुँह खोलो. अब गिटको... गिटको, मैं हूँ ना. हां, ऐसा. और एक. थकला का? थांबू? बरं, थांबते."

मग ती थांबली. खरंच थांबली, चमचा हातात धरून, घाई न करता, त्यांच्या गळ्याकडे बघत. घास खाली उतरला तेव्हा तिनं ओठ पुसले आणि पुढचा चमचा भरला.

परीक्षक बाईंनी एवढंच मागितलं होतं. जगातल्या कुठल्याही भाषेत ही पोरगी पास झाली असती. तिला ते आधीपासून येत होतं, रशीदभाई पहिल्याच दिवशी मला सांगत होते की बराबर बोलती म्हणून. मी ते पुसून त्यावर स्वतःचं अक्षर काढलं. आता दुरुस्त करायला काही नाही. तुकडी गेली, धाकट्या दोघींपैकी एकीची शाळा सुटली, आणि हा माणूस ज्या पोरीला आवाज दिला म्हणून रडला होता ती त्याला गिटको गिटको, म्हणजे गिळा गिळा, म्हणत म्हातारी होणार.

तिनं मला पाहिलं. "या ना सर."

मी नको तेच विचारलं. "जर्मन येतं का अजून?"

"न्हाई सर. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो ना. तसं गेलं." तिनं वाटी खाली ठेवली आणि खाटेवरची चादर एका बाजूनं सोडवायला लागली.

रशीदभाई माझ्याकडे बघत होते. डाव्या डोळ्यात ओळख होती, उजव्यातून नुसतं पाणी गळत होतं. त्या डाव्या डोळ्याला काहीतरी द्यायला हवं होतं. मला कळायच्या आत माझे पाय जुळले, हात मागे गेले, नजर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गेली. "रशीदभाई," मी सुरुवात केली, "माणसाच्या आयुष्यात अशी परिस्थिती येते, की त्याच्या सहनशक्तीची आणि..."

सुमय्यानं एक हात बापाच्या पाठीखाली घातला होता, दुसरा खांद्याखाली. मान वर न करता ती म्हणाली,

"सर, अब्बाला कुशीवर घ्यायचंय. एक तर पाय धरा, न्हाई तर बाजूला व्हा. उजेड अडवून राहिले तुमी."